मट आणि विममध्ये मराठी मेल फुटतो तेव्हा: काय तपासायचं, कुठं थांबायचं

नांदेड, लातूर, परभणी, अंबाजोगाई इकडच्या ज्या मंडळींना मी टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) मट हा मेल वाचायचा प्रोग्रॅम आणि विम हा मजकूर लिहायचा संपादक बसवून दिला, त्यांच्याकडून फिरून फिरून एकच तक्रार येते: इंग्रजी मेल झकास दिसतो, मराठी आला की सगळा गोंधळ. यात विद्यापीठाच्या सर्व्हरवर एसएसएचने (म्हणजे दुरून लॉगिन करून) काम करणारी पीएचडीची मुलं आहेत, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून तो अजून काही वर्षं चालवू पाहणारे शिक्षक आहेत, आणि नेटवर्कची एकच कांडी येते तिथं ब्राउझरची वाट बघत बसण्यापेक्षा मटमध्ये चटकन मेल वाचून मोकळे होणारे वार्ताहर आहेत.

या दुरुस्त्या मी बहुतेक फोनवरच सांगतो, म्हणून आज्ञा इथंही उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठी अक्षरं लागतील तिथं तसं सांगितलं आहे. 'बरोबर' म्हणजे = हे चिन्ह आणि 'डॅश' म्हणजे - हे चिन्ह.

आधी लक्षणं ओळखा

'मराठी दिसत नाही' एवढ्यावरून काहीच कळत नाही. पडद्यावर नेमकं काय दिसतंय ते बारकाईने बघा, कारण प्रत्येक लक्षणाचं मूळ वेगळं आहे.

पहिलं: यादीत विषयाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, ओळीने. किंवा प्रश्नचिन्हांऐवजी उलटी तिरपी रेघ आणि आकडे: ३४०, २४४, २५६ असे तीन-तीन आकड्यांचे गट.

दुसरं: विचित्र रोमन अक्षरं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्या शेजारी चार टोकं असलेला बारका गोल किंवा येन या जपानी चलनाचं चिन्ह, मग आणखी काहीतरी. आणि हेच त्रिकूट पुन्हा पुन्हा.

तिसरं: रिकामे चौकोन.

चौथं: अक्षरं ओळखू येतात, पण मात्रा बाजूला सरकलेल्या, जोडाक्षरं सुटलेली, कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे, वरखाली केलं की आधीच्या ओळीचे तुकडे तसेच चिकटून राहिलेले.

पाचवं: मटमध्ये नीट दिसतं पण उत्तर द्यायला विम उघडलं की तिथं घोळ. किंवा तुमच्याकडे सगळं ठीक, आणि समोरचा कळवतो की तुमचा मेल वाचता येत नाही.

सहावं: साध्या इंग्रजी मजकुरासारखी दिसणारी, पण अर्थ नसलेली अक्षरं. कंस, टक्केवारीचं चिन्ह, मोठी-लहान अक्षरं सरमिसळ.

सातवं: दिसतं सगळं व्यवस्थित, पण बटणं चालत नाहीत. क्यू दाबलं तरी मट बंद होत नाही, एस्केप दाबून जे-के केलं तरी विमचा कर्सर हलत नाही.

दोन मिनिटं समजून घ्या

पुढच्या सगळ्या तपासण्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत. संगणक 'म' हे अक्षर चित्र म्हणून साठवत नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. युनिकोडमध्ये देवनागरीचा गट ०९०० ते ०९७एफ असा आहे, आणि त्यातल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच, ई० (षोडशमान पद्धतीतला आकडा) असतो. दुसरा बाइट ए४ किंवा ए५, आणि फक्त तिसरा खऱ्या अर्थाने बदलत जातो. 'म' म्हणजे ई०, ए४, एई. हेच आकडे अष्टमान पद्धतीत लिहिले की ३४०, २४४, २५६ होतात. आणि हेच तीन बाइट यूटीएफ-८ ऐवजी लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय भाषांची जुनी पद्धत) म्हणून वाचले की तिरक्या रेघेचा ए आणि चार टोकांचा गोल दिसतो. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या लक्षणात पडद्यावर तुमचाच मराठी मजकूर आहे, फक्त चुकीच्या किल्लीने उघडलेला.

मेल पडद्यावर येईपर्यंत चार टप्पे ओलांडतो: पाठवणाऱ्याने लावलेली चिठ्ठी (हा मजकूर अमुक पद्धतीत आहे), तुमच्या यंत्राचं लोकेल (भाषा आणि अक्षरांच्या पद्धतीची सेटिंग), टर्मिनलचा प्रोग्रॅम, आणि फॉन्ट. यातला एकजण चुकला की गोंधळ होतो, पण खालचे बाइट बहुतेक वेळा शाबूत असतात. म्हणून दुरुस्तीच्या नादात मेलच्या फाइलला हात लावायचा नाही. मटमध्ये ई हे बटण कच्चा मेल संपादकात उघडतं आणि बदल केला तर नवी प्रत ठेवून जुन्या मेलवर पुसण्याची खूण करतं. ते बटण या कामात विसरा. मेलच्या फोल्डरवर इंटरनेटवरून मिळालेली रूपांतराची स्क्रिप्ट चालवणं तर त्याहून वाईट. नीट असलेले मेल त्याने कायमचे बिघडतात.

आता सोप्यापासून अवघडाकडे

सातवं लक्षण असेल तर काहीच बिघडलेलं नाही, कळफलक मराठीवर राहिला आहे. इन्स्क्रिप्टमध्ये क्यूच्या जागी ौ आहे, वायच्या जागी ब, जेच्या जागी र आणि केच्या जागी क. मटला मेल पाठवायला वाय हवा असतो आणि तुम्ही त्याला ब देता. कळफलक इंग्रजीवर आणा, झालं. विममध्ये सवय अशी लावा की मजकूर एका दमात मराठीत लिहायचा, कळफलक बदलायचा, आणि मगच एस्केप. नवीन माणसाला हे दोन-तीन दिवस जड जातं. ज्यांना नकोच वाटतं त्यांना मी सरळ नॅनो लावून देतो. मटच्या सेटिंग फाइलमध्ये, म्हणजे घरच्या फोल्डरमधल्या डॉट मटआरसीमध्ये, 'सेट एडिटर बरोबर नॅनो' अशी एक ओळ टाकली की पुरे. नॅनोत वेगळे मोड नाहीत, कंट्रोल-ओने जतन आणि कंट्रोल-एक्सने बाहेर, आणि मराठी त्यातही चालते. मेल लिहायला विमच हवं असा काही नियम नाही.

चौथ्या लक्षणात, तुकडे चिकटून राहत असतील तर पहिल्यांदा कंट्रोल-एल दाबा. मट आणि विम दोन्ही त्याने पडदा नव्याने काढतात. त्याने साफ झालं तर बिघाड फक्त चित्राचा आहे, मजकुराचा नाही, हे तिथंच कळतं.

मग बघा की तुम्ही आहात कुठं. यंत्र सुरू होताना काळ्या पडद्यावर जो लॉगिन येतो, किंवा कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून जो येतो, तो लिनक्सचा मूळ कन्सोल. त्याला एका वेळी फार तर ५१२ आकृत्या ठेवता येतात आणि जोडाक्षर बनवणं त्याला येतच नाही. तिथं देवनागरी दिसणार नाही, कितीही सेटिंग बदला. जुन्या लॅपटॉपवर मेमरी वाचवायची म्हणून काही जण डेस्कटॉपच काढून टाकतात आणि मग मराठी का दिसत नाही म्हणून विचारतात. हलका का होईना, ग्राफिकल डेस्कटॉप आणि त्यातलं टर्मिनल हवंच.

लोकेल: निम्म्याहून जास्त तक्रारी इथं संपतात

टर्मिनलवर 'लोकेल', मध्ये जागा, 'चारमॅप' लिहून एंटर दाबा. उत्तर यूटीएफ-८ आलं तर पुढच्या भागाकडे जा. उत्तरात एएनएसआय आणि पुढे एक्स३.४-१९६८ असं काही आलं तर दोष सापडला. ते १९६८ सालचं अमेरिकन इंग्रजीचं प्रमाण आहे. त्यात १२८ चिन्हं आहेत आणि देवनागरीचं एकही नाही. मट लोकेल बघूनच ठरवतो की पडद्यावर काय दाखवता येईल. लोकेल म्हणालं इंग्रजीच, तर मट बिचारा प्रश्नचिन्हं छापतो.

हे पहिल्यांदा दुरुस्त का करायचं, याचं कारण नुसतं दिसण्याचं नाही. तुम्ही उत्तर द्यायला आर दाबता तेव्हा मट मूळ मजकूर तुमच्या लोकेलमध्ये रूपांतरित करून तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो आणि ती फाइल विमला देतो. लोकेल इंग्रजी असेल तर या टप्प्यावर मराठी अक्षरांची खरोखरची प्रश्नचिन्हं होतात. आतापर्यंत नुसतं दिसत होतं, आता तसं लिहिलं गेलं. ते उत्तर तुम्ही पाठवलंत की समोरच्याला त्याचाच मजकूर प्रश्नचिन्हांच्या रांगेत परत मिळतो. तुम्ही स्वतः विममध्ये मराठी लिहिलीत तर मटला ती कोणत्या पद्धतीची हे समजत नाही आणि तो चिठ्ठीवर 'अननोन-८बिट' असं लिहून मोकळा होतो. पाचव्या लक्षणातला 'समोरच्याला वाचता येत नाही' हा भाग बहुतेक वेळा इथूनच येतो. म्हणून चारमॅप यूटीएफ-८ होईपर्यंत कुणालाही उत्तर पाठवू नका.

दुरुस्ती अशी. 'लोकेल', जागा, 'डॅश ए' याने यंत्रावर उपलब्ध लोकेलची यादी येते. त्यात ईएन अंडरस्कोर आयएन, एमआर अंडरस्कोर आयएन किंवा सी डॉट यूटीएफ८ यांपैकी काय आहे बघा. मी सहसा मेनू इंग्रजीत ठेवतो, कारण अडचण आली की संदेश इंग्रजीत शोधणं सोपं जातं, आणि फक्त अक्षरांची पद्धत बदलतो. घरच्या फोल्डरमधल्या डॉट बॅशआरसी फाइलच्या शेवटी 'एक्स्पोर्ट', जागा, मोठ्या अक्षरांत 'एलसी अंडरस्कोर सीटाइप', बरोबर, आणि यादीतलं नाव. नाव लिहिताना सी, यूटीएफ, आयएन ही अक्षरं मोठी. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा, चारमॅप परत विचारा.

बदललं नाही तर 'लोकेल' एवढंच लिहून बघा. एलसी-ऑलच्या पुढे काही भरलेलं असेल तर ते बाकी सगळ्यांवर मात करतं. ते कुठल्यातरी फाइलमध्ये कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, ती ओळ काढायची. क्रम असा आहे: सगळ्यांत वरचढ एलसी-ऑल, त्याखाली एलसी-सीटाइप, सगळ्यांत खाली लँग.

स्वतःच्या यंत्रावर यादीत यूटीएफ-८चं काहीच नसेल तर डेबियन-उबंटूवर 'सुडो डीपीकेजी-रिकन्फिगर लोकेल्स' चालवून हवं ते लोकेल निवडा. सर्व्हरवर हे करू नका, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

टीमक्स वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी ओळ: बाहेर मराठी नीट आणि टीमक्सच्या आत प्रश्नचिन्हं किंवा अधोरेषा, तर टीमक्स 'डॅश यू' देऊन सुरू करा. आधीपासून चालू असलेलं सत्र जुनंच लोकेल धरून बसतं, म्हणून आतल्या खिडक्याही नव्याने उघडाव्या लागतात.

चौकोन आणि सरकलेल्या मात्रा

चौकोन म्हणजे फॉन्ट नाही, बस्स. 'एफसी-लिस्ट', जागा, कोलन, लगेच 'लँग', बरोबर, 'एमआर' असं लिहा. मराठीला चालणारे फॉन्ट येतील. यादी रिकामी असेल तर लोहित देवनागरी किंवा नोटो सॅन्स देवनागरी बसवा. दोन्ही फुकट आहेत आणि डेबियन-उबंटूच्या भांडारात मिळतात. टर्मिनल पूर्ण बंद करून उघडल्यावरच नवा फॉन्ट धरला जातो.

सरकलेल्या मात्रांचं दुखणं जास्त चिवट. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद, आणि त्याला प्रत्येक अक्षर एका किंवा दोन चौकटींत बसवायचं असतं. देवनागरी तशी नाही. 'क्ष' आत तीन चिन्हांचा आहे, क, हलंत आणि ष. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते अक्षराच्या नंतर आणि काढली जाते आधी. कोणत्या चिन्हाला किती चौकटी द्यायच्या याचा हिशेब मट स्वतः करतो, विम स्वतः करतो आणि टर्मिनल स्वतः करतं. तिघांचे हिशेब जुळले नाहीत की कर्सर भरकटतो. एक्सटर्ममध्ये जोडाक्षरं होतच नाहीत. एमएलटर्म हा प्रोग्रॅम भारतीय लिप्या धरूनच लिहिलेला आहे, केडीईच्या कॉन्सोलमध्येही मला मराठी वाचायला बरी वाटते. चाचणीसाठी मी एकच शब्द वापरतो: 'शेतकऱ्यांच्या'. यात रफाराचा चुलतभाऊ ऱ्य आहे, अनुस्वार आहे, च्य हे जोडाक्षर आहे. ज्या टर्मिनलमध्ये हा शब्द नीट दिसतो ते ठेवा. थोडीफार सरकासरकी मात्र राहणारच, आणि त्यासाठी दिवस घालवण्यात अर्थ नाही. लांब मराठी मजकूर आला की मी तो मटमध्येच वाचायचा हट्ट धरत नाही, व्ही दाबून जोडण्यांच्या यादीत जातो, मजकूर फाइलमध्ये जतन करतो आणि साध्या ग्राफिकल संपादकात उघडतो.

एकाच माणसाचा मेल फुटतो?

लोकेल ठीक, फॉन्ट ठीक, बाकीचे मराठी मेल ठीक, आणि एखाद्याच ठिकाणाहून आलेला मेल दुसऱ्या लक्षणासारखा दिसतो, तर चिठ्ठी चुकीची आहे. त्या मेलवर कंट्रोल-ई दाबा. खाली कंटेंट-टाइप येईल, त्यात चारसेटच्या पुढे जे असेल ते काढून यूटीएफ-८ लिहा. मेल तिथल्या तिथे सुधारला तर निदान पक्कं. हा बदल तात्पुरता असतो, फोल्डर बदललं की जातो, त्यामुळे बिनधास्त करून बघा.

काही मेलवर चिठ्ठीच नसते, विशेषतः सर्व्हरवरच्या स्क्रिप्ट आपोआप पाठवतात त्यांवर. त्यांच्यासाठी डॉट मटआरसीमध्ये 'सेट अझ्यूम्ड अंडरस्कोर चारसेट बरोबर यूटीएफ-८' ही ओळ कायमची ठेवा. आणि तिथंच 'सेट चारसेट' अशी एखादी ओळ दुसऱ्याच्या फाइलमधून उतरून आली असेल तर ती काढून टाका. मट चारसेट लोकेलवरून आपण होऊन घेतो. हाताने लिहिलेली ओळ लोकेलशी जुळली नाही तर नवीन भांडण सुरू होतं, आणि उतरवलेल्या सेटिंग फाइलींत ही ओळ फार वेळा सापडते.

विषयाच्या ओळीत मधलंच एखादं अक्षर प्रश्नचिन्ह झालं असेल तर सोडून द्या. मेलच्या नियमाप्रमाणे विषयातला सांकेतिक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा मोठा नसावा, म्हणून लांब मराठी विषय तोडून पाठवावा लागतो, आणि काही प्रोग्रॅम तो अक्षराच्या तीन बाइटच्या मधूनच तोडतात. तुमच्या बाजूला करण्यासारखं काही नाही.

सहावं लक्षण मात्र पूर्ण वेगळं आहे. छापखान्यात, डीटीपीच्या दुकानात युनिकोडच्या आधीपासून जे फॉन्ट चालत आले, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकृत्या बसवलेल्या असतात. लग्नपत्रिकेचा मजकूर, संस्थेचा अहवाल, वार्ताहराची जुनी बातमी असा मजकूर मेलमध्ये चिकटवला की फॉन्ट मागे राहतो आणि उरतात इंग्रजी अक्षरं. लोकेल, मट, विम यांचा इथं संबंधच नाही. पाठवणाऱ्याला युनिकोडमध्ये पाठवायला सांगा, किंवा पीडीएफ मागवा. तेही शक्य नसेल तर त्या विशिष्ट फॉन्टसाठी केलेला रूपांतरक वापरा, आणि नंतर जोडाक्षरं, रफार, आकडे डोळ्यांनी तपासा. रक्कम किंवा तारीख असलेला मजकूर न तपासता पुढे पाठवू नका.

विमच्या आत

लोकेल दुरुस्त केल्यावर विम बहुतेक आपोआप सुधारतं. तरी घोळ राहिला तर कर्सर एखाद्या मराठी अक्षरावर ठेवा आणि जी, मग ८ दाबा. खाली त्या अक्षराचे बाइट दिसतात. 'शे'वर ई०, ए४, बी६, अधिक, ई०, ए५, ८७ असं आलं तर मजकूर शंभर टक्के नीट आहे, दोष दाखवण्यात आहे. पडद्यावर प्रश्नचिन्ह आहे आणि बाइट ३एफ येतो, तर ते खरंच प्रश्नचिन्ह आहे. मूळ अक्षर आधीच्या कुठल्यातरी टप्प्यावर गेलं आणि आता ते परत येणार नाही. कुठलीही सेटिंग, कुठलाही रूपांतरक ते आणू शकत नाही. पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवायचं, तिथं वेळ घालवायचा नाही. सगळ्या तपासण्यांत मला हीच सगळ्यांत जास्त उपयोगाची वाटते, कारण पुढे झटायचं की सोडायचं हे ती एका क्षणात सांगते.

बाइट ३एफ नसेल आणि तरी विम चुकीचं दाखवत असेल तर कोलन, 'सेट फाइलएन्कोडिंग', प्रश्नचिन्ह असं विचारा. लॅटिन१ आलं तर जतन न करता कोलन, 'ई', जागा, दोन अधिक चिन्हं, 'ईएनसी बरोबर यूटीएफ-८' असं लिहून फाइल पुन्हा उघडा. कायमचं करायला डॉट विमआरसीमध्ये 'सेट एन्कोडिंग बरोबर यूटीएफ-८' आणि 'सेट फाइलएन्कोडिंग्ज बरोबर यूटीएफ-८, लॅटिन१' या दोन ओळी पुरतात. यूटीएफ-८ आधी आणि लॅटिन१ शेवटी, हा क्रम महत्त्वाचा, कारण लॅटिन१ला कुठलाही बाइट चालतो आणि तो आधी असेल तर विम पुढे बघतच नाही.

आणखी एक ओळ मराठी लिहिणाऱ्यांनी जरूर टाकावी: 'सेट डेलकंबाइन'. एरवी विममध्ये एक्स दाबलं की अक्षर मात्रेसकट जातं. या ओळीने आधी मात्रा पुसली जाते, मग अक्षर. 'कि'चा 'की' करताना हात किती वाचतो ते वापरल्यावरच कळतं.

शोधताना सापडत नाही

मटमध्ये एल दाबून विषयात 'शेतकऱ्यांना' शोधलं, आणि डोळ्यांसमोर असलेला मेल सापडत नाही. ही तक्रार मी कृषी खात्याच्या पत्रांवर काम करणाऱ्यांकडून फार ऐकतो. ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह (०९३१), मग हलंत, मग य. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग न दिसणारा जोडक, मग य. दिसायला दोन्ही सारखे, बाइट वेगळे. मट बाइट जुळवतो. विममध्ये जी ८ करून बघितलंत तर फरक दिसेल. उपाय साधा: शोधताना शब्दाचा ऱ्यच्या आधीचा भाग, 'शेतक', एवढाच द्या. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्याचा' सगळीकडे हीच युक्ती.

लाइट गेली आणि अर्धा मेल गेला

हे लिपीचं दुखणं नाही, पण विचारणारे तेच असतात आणि आपल्याकडे भारनियमन काही सुटत नाही. मट लिहिला जाणारा मेल टेंप फोल्डरमध्ये ठेवतो. विम दर २०० अक्षरांनी किंवा हात ४ सेकंद थांबला की स्वॅप फाइल (लिहिलेल्याची बचावाची प्रत) लिहितं, पण तीही त्याच फोल्डरात, आणि बऱ्याच यंत्रांवर ते फोल्डर पुन्हा सुरू करताना रिकामं होतं. म्हणून घरच्या फोल्डरमध्ये मेलसाठी एक वेगळा फोल्डर करा आणि डॉट मटआरसीमध्ये 'सेट टीएमपीडिर बरोबर' त्याचा पत्ता द्या. लाइट गेल्यावर त्या फोल्डरात जाऊन 'विम डॅश आर' आणि फाइलचं नाव दिलं की लिहिलेलं परत मिळतं.

इथं थांबा

सर्व्हरवर एसएसएचने गेल्यावरच बिघाड दिसत असेल, आणि घरच्या यंत्रावर सगळं ठीक असेल, तर बहुतेक वेळा तुमच्या यंत्राने पाठवलेलं लोकेल सर्व्हरवर बसवलेलंच नसतं. लॉगिन करताना 'सेटलोकेल' असा शब्द असलेली तक्रार छापली जाते ती याचीच. तुमच्या खात्यातल्या डॉट बॅशआरसीमध्ये सी डॉट यूटीएफ-८ लावून बघा, तेवढा तुमचा अधिकार आहे. यादीत तेही नसेल तर थांबा आणि सिस्टीम अ‍ॅडमिनला सांगा. सामायिक सर्व्हरवर सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) मिळालं म्हणून एसएसएचची किंवा यंत्रभरची लोकेल फाइल बदलू नका. दुसऱ्या कुणाची रात्रभर चालणारी गणितं त्या लोकेलवर अवलंबून असू शकतात, आणि एसएसएचच्या फाइलमध्ये एक ओळ चुकली तर सगळ्यांचंच लॉगिन बंद होतं.

संस्थेच्या खात्यावर येणारे सगळेच मराठी मेल, वेगवेगळ्या माणसांचे, जी ८ला ३एफ दाखवत असतील तर मधला मेल सर्व्हर अक्षरं खातो आहे. तेच मेल त्या माणसांना तुमच्या दुसऱ्या खात्यावर पाठवायला सांगा. तिथं नीट आले तर मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याचं काम आहे, तुमचं नाही.

आणि मेल उघडताना यंत्र अडकत असेल, जुने मेल अर्धवट दिसत असतील, 'डीएमईएसजी' या आज्ञेत डिस्कच्या नावापुढे आय-ओ एरर येत असेल, तर लिपी, लोकेल सगळं बाजूला ठेवा. यंत्र बंद करा. दुरुस्तीची कुठलीही आज्ञा चालवू नका, पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. डिस्क जाते आहे आणि प्रत्येक वाचनाने आणखी जाईल. महत्त्वाचे मेल असतील तर थेट डेटा परत काढून देणाऱ्या जाणकाराकडे द्या.

अ‍ॅडमिनला लिहिताना 'मराठी दिसत नाही' एवढंच लिहू नका. चारमॅपचं उत्तर, 'लोकेल डॅश ए'ची यादी, 'मट डॅश व्ही'ने येणारी आवृत्ती, टर्मिनलचं नाव, पडद्याचा फोटो, आणि एका बिघडलेल्या अक्षराचे जी ८ने आलेले बाइट, एवढं द्या. मेलचा मजकूर खासगी असेल तर मेल पुढे पाठवू नका, फक्त एच दाबून दिसणाऱ्या वरच्या ओळींतली कंटेंट-टाइपची ओळ उतरवून द्या.